काकीची नव्वद इंजेक्शनं

आधीच सांगून टाकते, आई आता बरी आहे. उगाच कुणाला टांगणीला लावून ठेवायची मला आवड नाही. त्या तीन-चार महिन्यांत मी स्वतः इतकी टांगणीला लागले होते की तेवढं पुरे.

सुरुवात मोतीबिंदूपासून झाली. "मला सगळं दिसतं" म्हणणारी आई गेले काही महिने जिरं समजून फोडणीत ओवा घालत होती आणि मी मुकाट्याने ओव्याची आमटी खात होते. शेवटी एका शनिवारी मी तिला जवळजवळ ओढतच दादरच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. ऑपरेशनच्या आधी तिथे रक्त तपासतात. मी विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर काम करते, दिवसाला वीस-पंचवीस लोकांचे रिपोर्ट माझ्या हाताखालून जातात. त्यामुळे आईचा लिफाफा मी काउंटरवरच फोडला, सरावाने नजर खाली नेली आणि एका ओळीशी थांबले. हिपॅटायटिस सी, पॉझिटिव्ह.

लोकांच्या कागदांवर हे मी कितीदा वाचलं होतं. वाचायचं, शिक्का मारायचा आणि पुढची फाइल घ्यायची. आज हात पुढे जाईना.

"काय गं, ऑपरेशन रद्द?" आईने विचारलं. तिच्या आवाजात आनंद लपत नव्हता.

परळच्या एका लिव्हरच्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही गेलो तोवर इंटरनेटवर वाचून वाचून माझं आईला मनातल्या मनात दोनदा मारून झालं होतं. बाई माझ्याहून दहा वर्षांनी तरी लहान असाव्यात. त्यांनी आणखी एक रक्ताची तपासणी सांगितली, विषाणू अजून अंगात जिवंत आहे का ते बघायला. तो होता. मग पोटावर एक यंत्र फिरवून लिव्हर किती कडक झालंय ते पाहिलं. थोडं झालं होतं, फार नाही. "योग्य वेळी आलात," बाई म्हणाल्या. बारा आठवडे रोज गोळी, चुकवायची नाही. जवळजवळ सगळेच बरे होतात. मी म्हटलं, बस? बाई म्हणाल्या, बस. मला तिथेच रडू आलं आणि मी ते शिंक आल्यासारखं रुमालात दाबलं.

आईला मात्र गोळीत रस नव्हता. तिने एकच विचारलं, "हे माझ्या अंगात कधीपासून असेल?"

"तुम्हाला कधी रक्त चढवलं होतं का?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी झाले तेव्हा तिला खूप रक्तस्राव झाला होता आणि दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे, विशेषतः मी उलट बोलले की. गिरण्यांच्या संपाच्या आदल्या वर्षी. म्हणजे चाळीसहून जास्त वर्षं.

मग बाईंनी आम्हाला समजावून सांगितलं, आणि ते मी इथे लिहिते, कारण आईची पुढची सगळी तगमग त्यातूनच निघाली. त्या काळी डॉक्टरांना दोन काविळी नीट ठाऊक होत्या. एक घाणेरड्या पाण्यातून येणारी, एक रक्तातून. दोन्ही तपासून ओळखता येत. पण या दोन्ही नसलेलं, चांगलं म्हणून दिलेलं रक्त घेऊनही काहींचं लिव्हर बिघडायचं. कुणाला कावीळ व्हायची, बहुतेकांना काहीच कळायचं नाही, आणि वीस-तीस वर्षांनी पोटात पाणी व्हायचं. म्हणजे तिसरं कुणीतरी होतं. दिसत नव्हतं, प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हतं. त्याला नावसुद्धा 'हीही नाही आणि तीही नाही' अशाच अर्थाचं दिलं होतं, आणि पुष्कळ वर्षं तेच चाललं. पुढे मी प्राथमिक शाळेत असताना कधीतरी, परदेशातल्या काही शास्त्रज्ञांनी तो विषाणू डोळ्यांनी न बघताच पकडला. आजारी रक्तातून त्याच्या जनुकांचा एक बारीकसा तुकडा वेगळा काढला आणि त्यावरून आख्खा विषाणू ओळखला. मग त्याची तपासणी निघाली, रक्तपेढ्यांतलं रक्त तपासून घेता येऊ लागलं, आणि अलीकडच्या वर्षांत या गोळ्या आल्या.

"म्हणजे तेव्हा तो होता," आई म्हणाली, "फक्त कुणाला माहीत नव्हता."

"हो, आजी."

"सुईतून जातो?"

"रक्त लागलेल्या सुईतून जातो. जेवणातून, भांड्यातून, शेजारी बसल्याने नाही. ब्रश, ब्लेड, नेलकटर तेवढं वेगळं ठेवा. बाकी काही नाही."

यातलं शेवटचं वाक्य आईने ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर आईचा चहा एका वेगळ्याच कपात. निळ्या काठाचा, कान तुटलेला, मी कधीच फेकायला काढलेला. तो तिने स्वतः विसळला आणि बाकीच्या कपांजवळ न ठेवता खिडकीच्या गजाशी पालथा घातला. ताटलीही वेगळी काढली होती. एक वाटी, एक चमचा.

मला माझ्या रागाबद्दल अभिमान नाही, पण लपवतही नाही. मी ओरडले. आम्ही बौद्ध. माझ्या आजीच्या पिढीने वेगळं भांडं, वरून घातलेलं पाणी, दाराबाहेरची पंगत हे सगळं सोसलं आणि मग एक दिवस उठून ते झुगारून दिलं. आणि माझी आई, महापालिकेच्या प्रसूतिगृहात तीस वर्षं नोकरी केलेली बाई, सातव्या मजल्यावरच्या ब्लॉकमध्ये आपल्या हाताने आपला कप वेगळा काढते. मी म्हटलं, "डॉक्टर सांगते भांड्यातून जात नाही, तुला कळत नाही का?" आई म्हणाली, "तेव्हाचे डॉक्टर पण सांगत होते रक्त चांगलं आहे."

मी तणतणत ऑफिसला गेले.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी, भाजी निवडताना, आईने खरं काय ते सांगितलं. ते समजायला आमची जुनी चाळ माहीत हवी. आज आम्ही राहतो ती उंच इमारत डिलाईल रोडवर त्याच जागी उभी आहे. तेव्हा तिथे तीन मजल्यांची चाळ होती, गिरणीत जाणाऱ्यांची. आई प्रसूतिगृहात आया होती. नर्स नव्हे. पण तिथल्या सिस्टरांनी तिला हाताशी धरून इंजेक्शन द्यायला शिकवलं होतं आणि तिचा हात हलका होता. काचेची एक सिरिंज आणि एकच सुई एका स्टीलच्या डबीत असत. आमच्या मजल्यावरची तमाम जनता त्या डबीसमोर पदर किंवा लेंगा सावरत उभी राहिलेली आहे. डॉक्टर चिठ्ठी लिहून द्यायचा, टोचायचं काम आई करायची, फुकट. सुई बोथट झाली की दगडाच्या पाठीवर घासून धार लावायची. आणि प्रत्येक माणसानंतर सुई-सिरिंज पातेल्यात घालून स्टोव्हवर उकळायची. घड्याळ नव्हतं. शेजारच्या रेडिओवर चार गाणी होईपर्यंत उकळी चालू राहायला हवी, हा तिचा नियम. मध्येच उकळी बसली तर ती पुन्हा पहिल्या गाण्यापासून मोजायला सुरुवात करी.

शेजारी, भिंतीला भिंत लागून, काकी राहायची, आई तिला वैनी म्हणते. मालवणकडची, लग्न होऊन आलेली, आईहून चार वर्षांनी मोठी. संपाच्या वर्षी तिला क्षय झाला. सासूला कळलं असतं तर तिने सुनेला त्याच आठवड्यात एसटीत बसवून माहेरी धाडलं असतं, आणि ती परत आली नसती. म्हणून काकी आणि आई दोघींनी मिळून सासूला सांगितलं की ही ताकदीची इंजेक्शनं आहेत. रोज एक, तीन महिने. नव्वद. काकीच्या नवऱ्यालासुद्धा अर्धंच माहीत होतं.

या सासूबाईंचं एक वैशिष्ट्य सांगायलाच हवं. आई त्यांच्या घरी गेली की तिला चहा मिळायचा, नाही असं नाही. पण निळ्या काठाच्या एका कपात, आणि तो कप त्यांच्या खिडकीत बाहेरच्या बाजूला असायचा. आईच्या हातची सुई मात्र त्यांना स्वतःला चालायची. संधिवातासाठी दोनदा घेतली होती त्यांनी. मी मोठी झाल्यावर एकदा आईला विचारलं होतं, तू तो चहा पीत का होतीस? आई म्हणाली, "वैनीने केलेला असायचा ना."

तर त्याच महिन्यांत आईची स्वतःचीही इंजेक्शनं चालू होती. माझ्या वेळी अंगातलं रक्त गेलेलं, अशक्तपणा जात नव्हता, म्हणून डॉक्टरने लिहून दिलेली. ती आपली आपणच मांडीत टोचून घ्यायची. त्याच सिरिंजने, उकळून. आणि मग एक आठवडा असा आला की रेशनवर रॉकेल आलं नाही. संपात काळ्या बाजारातलं विकत घेण्याची ऐपत कुणाची होती? आईने चार दिवस बाकी सगळ्यांना नाही म्हटलं आणि पाणी दिवसातून एकदाच उकळलं. सकाळी ड्युटीवर जायच्या आधी. आधी स्वतःला टोचलं, कारण सासूबाईंचं चहापाणी आटोपल्याशिवाय काकीला येता येत नसे. मग तीच सुई उरलेल्या गरम पाण्यातून काढली, स्पिरिटने पुसली आणि काकीला दिली.

"चार दिवस," आई म्हणाली. गवारीच्या शेंगा तिच्या मांडीवर तशाच पडल्या होत्या. "माझ्या रक्ताची सुई मी तिला चार दिवस टोचली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता गं."

मी म्हटलं, तुला काय माहीत होतं? आई म्हणाली, "उकळायचं हे माहीत होतं ना."

मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. मनातून वाटत होतं, त्या म्हणतील, छे, असं काही होत नाही. त्या तसं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, लागण झालीही असेल, नसेलही, तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. साधी रक्ताची तपासणी आहे. निघालंच तर त्यांनाही याच गोळ्या. पण त्यांचं लिव्हर आज कुठल्या अवस्थेत असेल, ते मी इथे बसून कसं सांगू?

काकी आता मुलाकडे असते, अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टर्समध्ये. "फोनवर सांगू?" मी विचारलं. आई म्हणाली, हे फोनवर सांगायचं नसतं. रविवारी टॅक्सी केली. आईने नवं लुगडं नेसलं होतं आणि पिशवीत चिकू घेतले होते. माझी आई टॅक्सीवाल्याशी बोलली नाही असा तो पहिलाच प्रवास. मला काकीची काळजी वाटत होती, पण खरं सांगते, जास्त काळजी आईची वाटत होती. काकीला काही निघालं असतं तर आई गोळ्या घेऊन बरी झाली असती आणि तरीही बरी झाली नसती.

काकी गॅलरीत सुके बोंबील वाळत घालत होती. मुलगा-सून बाहेर गेले होते, ते बरंच झालं. आईने बसायच्या आधीच सुरुवात केली. उभ्याउभ्या, पिशवी हातात तशीच धरून, सगळं सांगितलं. रक्ताच्या बाटल्या, नाव नसलेला तो रोग, रॉकेल, चार दिवस. काकी ऐकत होती. हाताला बोंबलाचा वास होता म्हणून तिने दोन्ही हात अंगापासून लांब धरले होते.

"झाला तुझा बोलून?" ती शेवटी म्हणाली. "आता बस."

आई बसली.

"माका तपासूक होया, इतक्याच ना?"

"हो, वैनी."

"मगे तपासूया. रडतंस कित्या?"

आई खरंच रडत होती. काकीने हात धुतले, चिकू कापले, आम्हाला खायला लावले. मुलाला काय सांगायचं असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "सांगान, ताकदीची तपासणी आसा." त्यावर दोघीही हसल्या, आणि मला एकदम त्या दोघी विशी-पंचविशीच्या दिसल्या, सासूची नजर चुकवणाऱ्या.

सोमवारी मी अर्धी रजा टाकून काकीला लॅबमध्ये नेलं. रिपोर्ट बुधवारी संध्याकाळी मिळणार होता, तो काकी स्वतः लॅबमधून आणणार होती. बुधवारी संध्याकाळी आई फोनजवळ बसून राहिली. मी फोन केला. काकीने उचलला. "काय नाय, उद्या येतंय मी थय," एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला. परत लावला तर कुणी उचलेना. काय नाय म्हणजे काय? आईने त्याचा एकच अर्थ लावला. मीही, खोटं कशाला बोलू, तोच लावला. त्या दिवशी आम्ही दोघी जेवलो नाही आणि एकमेकींना जेवायचा आग्रहही केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही. अकराच्या सुमारास काकी आली, मुलगा खाली गाडीतून सोडून गेला होता. हातात लॅबची पिशवी. आई चहा पीत होती. ती उठून उभी राहिली. काकीने पिशवी माझ्या हातात दिली. "तू वाचतंस ना रोज ह्या. वाच."

मी वाचलं. मग पुन्हा वाचलं, कारण डोळ्यांत पाणी होतं आणि अक्षरं हलत होती. काही नव्हतं. निगेटिव्ह. काकीच्या अंगात तो विषाणू नव्हता, कधी येऊन गेल्याची खूणही नव्हती. मी ते मोठ्याने म्हटलं आणि आई पुन्हा खुर्चीत बसली. तोंडावर पदर घेतला. तिचे खांदे हलत होते आणि पदराआडून ती म्हणत होती, "चार दिवस, वैनी, चार दिवस."

माझी भीती गेली आणि तिच्या जागी लगेच राग आला. माझं हे असंच आहे. मी काकीला म्हटलं, काल फोनवर एक शब्द सांगितला असता तर? इथे आम्ही दोघी मेलो होतो.

"फोनार सांगितला असता तर तिका पटला नसता," काकी म्हणाली. "तिका वाटला असता, मी तिच्यासाठी खोटा बोलतंय. आम्ही दोघींनी मिळान लय खोटा बोललेला आसा. तिका कागद होयो."

हे खरं होतं. आईने पदर काढला आणि कागद मागून घेतला. तिला तो वाचता येत नव्हता, एक तर इंग्रजीत, त्यात मोतीबिंदू. तरी तिने तो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला. मग घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला, काकीचा रिपोर्ट, जणू तिचाच होता. काकीने तो परत मागितला नाही.

मी चहा ठेवायला आत वळले. एवढ्यात काकीचं लक्ष टेबलाकडे गेलं. तिथे आईचा चहा होता, अर्धा प्यालेला, निवत आलेला. निळ्या काठाच्या, कान तुटलेल्या कपात. काकीने तो पाहिला. मग खिडकीच्या गजाशी पालथी घातलेली ताटली, वाटी, चमचा पाहिला. कुणीच काही समजावून सांगितलं नाही. तिला सांगायची गरजही नव्हती, हे सगळं तिने आयुष्यभर रोज विसळलं होतं.

"ह्यो कप खयचो?" तिने विचारलं.

"आमचाच आहे. जुना," आई म्हणाली. "मीच वेगळा काढलाय. माझं अजून औषध चालू आहे ना. बारा आठवडे होईपर्यंत."

काकी टेबलापाशी बसली. मग आईकडे न बघता म्हणाली, "सासूचो तो कप मी तेव्हाच फोडूक होयो होतो. रोज धुवताना वाटायचा, आज हातातसून पाडतंय. नव्वद दिवस तू माका टोचलंस, आणि माका एक कप पाडूचो धीर नाय झालो."

आई म्हणाली, "जाऊ द्या ना आता, वैनी."

"जावक कसा देव?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात साखरेचा डबा. काकीने हात पुढे केला आणि आईसमोरचा कप आपल्याकडे ओढला. कान तुटलेला, म्हणून तो तिने दोन्ही हातांत धरला.

"अहो, उष्टा आहे तो," आई घाईने म्हणाली.

"माहीत आसा," काकी म्हणाली, आणि तिने तो उरलेला सगळा चहा पिऊन टाकला.